तो ‘महाकाय मासा’ साडेचार फुटांचा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्या पेपरात तिसऱ्या पानावर खाली एक बातमी होती, ‘किनाऱ्यावर महाकाय मासा, सेल्फीसाठी झुंबड’. सोबत फोटो पण होता. मी तो मोबाईलवर मोठा करून करून बघितला, सवयच लागलीय तशी, आणि बाजूला उभ्या असलेल्या जीवरक्षकाच्या चपलेवरून अंदाज काढला तर तुमचा महाकाय मासा फार तर साडेचार फूट भरला. म्हणजे आमच्या धाकट्याएवढा. आणि मासा तर तो नव्हताच. पाठीवर फिन, म्हणजे पर, नाही, तोंडाला चोच नाही, डोकं नारळासारखं गोल, म्हणजे फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचा लांबचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. पाण्यावर येऊन श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा, आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलेला प्राणी. बातमीत लांबी नव्हती, नर की मादी ते नव्हतं, जाळ्याच्या खुणा होत्या का ते नव्हतं, पुढे त्याचं काय केलं तेही नव्हतं. सेल्फी काढणारे कुठल्या राज्यातून आले होते ते मात्र व्यवस्थित होतं.

भांडायला लिहीत नाहीये. मासा म्हटलं म्हणून तुम्हाला एकट्याला कशाला धरू, आपल्या भाषेनंच त्याला देवमासा करून ठेवलाय. मला मागायचंय वेगळंच काहीतरी, पण त्याआधी मी कोण ते सांगते नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण चपला मोजणारी.

मी डिचोलीत राहते, दिवसा एका औषधांच्या होलसेल दुकानात अकाउंट्स बघते आणि रात्री मुलं झोपली की मराठीत पॉडकास्ट करते, ओर्का आणि समुद्र या विषयावर. हो, ओर्का, तेच काळेपांढरे, ज्यांना पेपरवाले ‘खुनी देवमासा’ म्हणतात. तिसरं वर्ष चालू आहे. डिचोलीत समुद्र कुठे असं सगळे विचारतात, सासूबाईंनी पण विचारलं, आणि खरंच आमच्याकडे खनिजाचे ट्रक आहेत, समुद्र नाही. पण माईक लावायला समुद्र लागत नाही हो, गोधडी लागते. कपाटाचं दार उघडं टाकून वर दोन गोधड्या, मध्ये मी, की झाला स्टुडिओ. पावसात जून ते सप्टेंबर पत्र्यावर असा आवाज येतो की रेकॉर्डिंग बंदच, मग दोन सरींच्या मधल्या वेळात चार चार वाक्यं बोलायची आणि भाचा ती नंतर चिकटवतो. एकदा चवथीत शेजारच्यांच्या घुमट आरत्या मागे रेकॉर्ड झाल्या, काढता येईनात, तशीच सोडली फाईल, तर पुण्याहून एकाचा मेसेज, ताई बॅकग्राउंड म्युझिक फार छान घेतलंय.

पहिल्या एपिसोडला ११ जणांनी ऐकलं, त्यातले सात आमच्याच घरचे. आता बरं आहे. वेंगुर्ल्यापासून लातूरपर्यंत लोक ऐकतात, लातूरचे सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.

आता गोव्यात बसून ओर्का कशाला, हा प्रश्न येतोच. ओर्का तसा सगळ्या महासागरांत असतो, आपल्या अरबी समुद्रातही कधीतरी दिसतो, पण खरं कारण ते नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सेलिश सी म्हणून भाग आहे, तिथे ओर्कांचा एक गट राहतो, सदर्न रेसिडेंट म्हणतात त्यांना, जे, के आणि एल अशी तीन कुटुंबं मिळून सगळे ७५ च्या आतबाहेर. त्यातल्या प्रत्येकाला नंबर आहे, नाव आहे, आई कोण, आजी कोण, सगळं लिहून ठेवलेलं. आपल्याकडे कुलवृत्तांत असतो ना तसा. मुलगे मोठे झाले तरी आईला सोडून जात नाहीत, म्हाताऱ्या माद्यांची पाळी बंद झाल्यावरही त्या अनेक वर्षं जगतात आणि मासे कमी असतील तेव्हा त्याच पुढे होऊन सगळ्यांना वाट दाखवतात. प्रत्येक कुटुंबाची बोली वेगळी. पेडण्याची कोंकणी आणि काणकोणची कोंकणी कशी कानाला लगेच कळते, तसंच तिथल्या अभ्यासकांना आवाजावरून कळतं की जे आले की एल.

२०१८ च्या जुलैत त्यातल्या जे-३५ नंबरच्या मादीचं, तहलेक्वा तिचं नाव, पिल्लू जन्मून थोड्याच वेळात गेलं. तर तिनं ते १७ दिवस डोक्यावर धरून नेलं, हजार मैलांच्या वर. बुडायला लागलं की खाली जाऊन परत वर आणायची. मी ही बातमी वाचली तेव्हा माझा धाकटा तीन महिन्यांचा होता, जास्त काही लिहीत नाही. २०२४ च्या शेवटी तिला परत पिल्लू झालं, तेही गेलं, आणि तिनं परत तेच केलं. पण बघा, ही बातमी जगभर गेली कशी? कारण तिला नाव होतं. ‘एक मादी मृत पिल्लासह आढळली’ असं असतं तर ती तिसऱ्या पानावर खालीच राहिली असती.

आणि ही नावं काही आकाशातून पडलेली नाहीत. साठ-सत्तरच्या दशकात तिथे ओर्का पकडून मत्स्यालयांना विकायचा धंदाच होता. १९७० च्या ऑगस्टमध्ये पेन कोव्ह नावाच्या खाडीत जाळी लावून कळपच्या कळप कोंडले, सात पिल्लं विकली, काही जाळ्यातच बुडून मेली. विकलेल्यांतली एक तोकिताए, मायामीच्या टाकीत पन्नासच्या वर वर्षं काढून २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथेच मेली, परत समुद्रात न्यायची बोलणी चालू होती तेव्हाच. तर त्या काळी सगळ्यांना वाटायचं ओर्का काय हजारोंनी आहेत, चार पकडले तर काय झालं. मग कॅनडा सरकारनं मायकेल बिग नावाच्या शास्त्रज्ञाला मोजायला सांगितलं. या माणसानं काय केलं असेल? १९७१ मध्ये त्यानं किनाऱ्यावरच्या लोकांना १५,००० फॉर्म पाठवले. मच्छीमार, दीपगृहवाले, बोटीवाले, सगळ्यांना. दिसला का, कुठे दिसला, किती होते. आलेल्या उत्तरांवरून हिशोब लावला तर तिथल्या पाण्यात सगळे मिळून दोनशे ते साडेतीनशेच निघाले. हजारो नाहीतच! नंतर त्याच्या लक्षात आलं की पाठीवरच्या फिनच्या खाचा आणि त्यामागचा राखाडी डाग प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणजे फोटो काढला की माणूस, सॉरी, ओर्का ओळखता येतो. पकडणं बंद झालं ते काय नुसतं याच्यामुळे नाही, लोकांचा आरडाओरडा होता, कोर्ट होतं, पण आकडा हातात आल्यावर ‘हजारो आहेत’ म्हणायची सोय उरली नाही.

हा १५,००० फॉर्मचा किस्सा मी तीन वेगवेगळ्या एपिसोडमध्ये सांगितलाय, भाचा म्हणतो मावशी आता पुरे. पण माझं घोडं तिथेच अडलंय आणि हे पत्रही त्याच्यासाठीच आहे.

कारण आपल्याकडे बघा. सिकेरी, नेरूल, दोनापावला, पाळोळे, कुठूनही बोटीत बसा, डॉल्फिन दिसतात. इंडियन ओशन हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंटासारखा उंचवटा असलेले, मालवणकडे गादा म्हणतात. किनाऱ्याला चिकटून, नद्यांच्या मुखाशी राहणारे, म्हणजे आपली बोट, आपलं जाळं, आपलं गटार सगळं पहिल्यांदा त्यांच्या अंगावर येतं. जागतिक यादीत हे ‘धोक्यात’ म्हणून लिहिलेले आहेत. संशोधक आहेत, काम करतायत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्या वाचकाला, मला, त्या बोटवाल्याला यातल्या एकाचं तरी नाव माहीत आहे का?

कुणालाच माहीत नाही, असं मला वाटायचं. मग गेल्या डिसेंबरात मी एका बोटवाल्याचा इंटरव्ह्यू घ्यायला गेले. नाव नको म्हणाला. त्याच्या बोर्डवर लिहिलेलं होतं, डॉल्फिन नाही तर पैसे परत. मी तावातावानं गेले होते, की तुम्ही लोक बोटी अंगावर घालता, तिकडे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २०२५ पासून कायदा आहे, त्या ओर्कांपासून हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर लांब राहायचं, आणि तुम्ही इथे सहा सहा बोटींचं रिंगण करता. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “ताई, कस्टमर ओरडतो ना. हप्ता आहे बोटीचा. मी लांब थांबलो तर बाजूची बोट पुढे जाते, मग माझा कस्टमर म्हणतो पैसे दे परत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही, फक्त एवढं कळलं की तो बोर्ड आहे तोपर्यंत पाठलाग आहे. बोर्ड एकट्यानं काढला तर धंदा जातो, सगळ्यांनी एकदम काढला तरच जमेल, आणि सगळ्यांना एकदम सांगणारा कोण ते तुम्हीच बघा.

पण मग जाता जाता तो सहज म्हणाला, आज कातरी आली नाही. मी म्हटलं कोण कातरी? तर एक मादी आहे म्हणे, फिनचं वरचं टोक कापलेलं, बहुतेक प्रोपेलरनं, दोन वर्षांपूर्वी तिच्याबरोबर पिल्लू होतं, सकाळी भरतीला येते. आणि एक आहे म्हणे भटजी, पांढरट पडलेला, एकटाच फिरतो. संपादकसाहेब, मी माईक बंद करून बसले होते! परत चालू केला तोवर तो पुढच्या ट्रिपची लाईफ जॅकेटं वाटायला लागला.

म्हणजे नावं आहेत. सेलिश सीला जायची गरजच नाही, नावं सिकेरीच्या धक्क्यावर आहेत, मालीम जेटीवर असतील, रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढणाऱ्या म्हाताऱ्यांकडे तर नक्की असतील. ती कागदावर नाहीत एवढंच. आणि कागद कुणाकडे आहे? तुमच्याकडे.

तर माझी मागणी ही. महिन्यातून एकदा एक चौकट छापा. दोन कॉलम रुंद, चार इंच उंच, जेवढी जागा तुम्ही वाढदिवसाच्या शुभेच्छांना देता तेवढीच. त्यात फॉर्म. डॉल्फिन किंवा देवमासा दिसला का, कुठे, कुठल्या तारखेला, किती वाजता, किती होते, पिल्लू होतं का, फिनवर काही खूण, बोटी किती होत्या. कापून भरून तुमच्या ऑफिसात किंवा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर. मोबाईल अ‍ॅप करा असं भाचा म्हणतो, पण रांपणकार अ‍ॅप उघडणार नाही, पेपर मात्र उघडतो, निदान मासळी गुंडाळलेला तरी. आलेले फॉर्म मी रविवारी येऊन टाईप करून देईन, पगार नको. आणि पुढे ते दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या किंवा वन खात्यातल्या ज्या कुणाला कामाचे वाटतील त्यांना देऊन टाकू. बिगच्या १५,००० फॉर्ममधले परत आलेले पण थोडेच होते, तेव्हा आपल्याला चाळीस आले तरी मी खूश.

दुसरी छोटी गोष्ट, मेलेला प्राणी किनाऱ्यावर आला की बातमीदाराला एवढं सांगा की पावलांनी मोजून लांबी लिही, पाठीवर फिन आहे का नाही ते बघ, अंगावर दोरी किंवा जाळ्याची खूण आहे का ते लिही, आणि अख्ख्या अंगाचा एक फोटो बाजूनं काढ. पाच मिनिटांचं काम आहे. मी गेल्या दोन वर्षांतली तुमच्यासकट तीन पेपरांची कात्रणं वहीत चिकटवलीत, निम्म्यांमध्ये तो कुठला प्राणी होता तेच कळत नाही. ‘व्हेल मासा’ लिहिलेलं असतं आणि फोटोत डॉल्फिन. एकात तर कासव होतं.

आता कुणी म्हणेल ही बाई अमेरिकेच्या ओर्कावर पॉडकास्ट करते आणि शहाणपण गोव्याला शिकवते. म्हणू दे. मी ऑर्कासाउंड म्हणून तिकडे पाण्याखाली लावलेले माईक आहेत ते इंटरनेटवर ऐकते, फुकट आहे, कुणीही ऐकू शकतं. उन्हाळ्यात आपले रात्रीचे दहा म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. भांडी आटपली की हेडफोन लावून बसायचं. ओर्का ऐकू येतील म्हणून बसले आणि पहिले सहा महिने जहाजंच ऐकली. घर्र घर्र घर्र, एक गेलं की दुसरं. तेव्हा डोक्यात उजेड पडला की हे ओर्का आवाजावर शिकार करतात, टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून सालमन मासा शोधतात, आणि जहाज जवळ असलं की त्यांना जेवण सापडत नाही. शिवाय सालमनच उरले नाहीत, नद्यांवर धरणं झाली, आणि उरलेल्यांत जुनी केमिकल्स, ती चरबीत साठतात आणि दुधातून पिल्लात जातात. हे सगळं एका रात्रीत कळलं नाही अर्थात. पण ऐकताना मला मुरगाव बंदरच आठवत राहिलं, कोळशाची जहाजं, ड्रेजिंग. तिकडे माईक लावून ऐकतात म्हणून कळतं तरी, आपल्याकडच्या पाण्याखाली काय आवाज आहे ते डिचोलीच्या बाईला कुठून कळणार.

खरं तर आपल्याकडेही ऐकलंय कुणीतरी. काही वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली यंत्र लावलं होतं, त्यात हंपबॅक देवमाशाचं गाणं सापडलं. गोव्यात! अरबी समुद्रातले हे हंपबॅक जगात वेगळेच, बाकीचे ध्रुवाकडे जातात आणि हे वर्षभर इथेच. ओमानकडे शंभराच्या आत उरलेत असा अंदाज आहे. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात चोरून २४० च्या वर मारले, कागदावर दाखवलेच नाहीत, कितीतरी वर्षांनी ते बाहेर आलं. २०१७ मध्ये लुबान नावाच्या मादीला ओमानला सॅटेलाइट टॅग लावला तर ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या दक्षिण टोकापर्यंत आली. माझा सगळ्यात जास्त ऐकलेला एपिसोड हाच, ओर्काचा नाही. त्यानंतर वेंगुर्ल्याच्या एका आजोबांनी भाच्याकरवी निरोप पाठवला की आम्ही लहानपणी होडीच्या तळाला कान लावून ऐकायचो, काहीतरी रडल्यासारखं यायचं, वडील म्हणायचे बोलू नको. तो देवमासा होता की आणखी काही, कोण सांगणार. पण तेही फॉर्ममध्ये लिहिता आलं असतं.

पैशाचं पण सांगून टाकते कारण लोकांना वाटतं मागे कुणीतरी आहे. कुणी नाही. होस्टिंगचे पैसे मी भरते, माईक भिशीच्या पैशातून घेतला. मध्ये एका वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची ऑफर आली होती, प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला वीस सेकंद आमची जाहिरात वाचा, गॅरंटीड डॉल्फिन. रक्कम माझ्या महिन्याच्या पगाराच्या निम्मी होती. नवरा म्हणाला विचार कर. मी दोन दिवस केला पण, खोटं कशाला बोलू. मग नाही म्हटलं, कातरीला काय तोंड दाखवणार होते.

आणि शेवटचं, तुमच्या ऑनलाइन आवृत्तीबद्दल. गेल्या ऑगस्टात ओर्कानं शोमध्ये ट्रेनर मुलीला मारलं असा व्हिडिओ सगळीकडे फिरला, तो एआयनं बनवलेला होता, तशी ट्रेनर मुलगीच नव्हती. तुमच्याकडे तो दीड दिवस होता, मग गुपचूप गेला. खरी घटना वेगळी आहे, २०१० मध्ये फ्लोरिडात टिलिकम नावाच्या ओर्कानं त्याच्या ट्रेनरला मारलं, पण तो १९८३ पासून, दोन वर्षांचा असल्यापासून टाकीत होता. मोकळ्या समुद्रात ओर्कानं माणूस मारल्याची खात्रीशीर नोंद नाही. आपल्या देशानं तर २०१३ मध्येच डॉल्फिनचे खेळ करायला बंदी घातली, याबाबतीत आपण बऱ्याच श्रीमंत देशांच्या पुढे आहोत, तेही कधीतरी छापा की. पण चूक झाली तर ‘चूक झाली’ अशी दोन ओळी तरी टाका, माझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून तो व्हिडिओ तुमच्या नावानं फिरतोय.

फॉर्मचा नमुना सोबत हातानं काढून जोडलाय, पट्टीनं रेघा मारल्यात. नावाचा रकाना मुद्दाम मोठा ठेवलाय, लोक काय नाव ठेवतील सांगता येत नाही.

आपली एक वाचक,
डिचोली

ता. क. पत्र लांबलंय ते माहीत आहे. जागेअभावी कापायचं झालं तर घुमट, भिशी आणि सासूबाई कापा. फॉर्म कापू नका.